लढाईवर लिहायचंय, पण नेमकं कशावर?

‘पानिपतच्या पराभवाची कारणे.’ लष्करी इतिहासावर शोधनिबंध लिहायचा म्हटलं की महाराष्ट्रात पहिल्यांदा हाच विषय तोंडी येतो. त्याखालोखाल ‘शिवाजी महाराजांचा गनिमी कावा’, ‘मराठ्यांचे आरमार’ आणि ‘पहिले महायुद्ध व भारतीय सैनिक’. पुण्याच्या कर्वेनगरातल्या आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांवर सुरुवातीला हीच शीर्षकं असतात. विषय वाईट नाहीत. ज्या ओढीने ही मुलं येतात ती ओढ तर फार मोलाची आहे. घरात ऐकलेल्या गोष्टी, शाळेच्या सहलीत चढलेला सिंहगड, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पदक, यांतून ती आलेली असते. पण पंधरा-वीस पानांच्या निबंधात यांतला एकही विषय मावत नाही. ओढूनताणून मावलाच, तर त्यात लिहिणाऱ्याचं स्वतःचं काही उरत नाही. चार पुस्तकांचा सारांश तेवढा तयार होतो. सहा महिन्यांच्या कष्टानंतर हाती सारांश आला की ती पहिली ओढ विझते, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते त्याचं.

हे छोटं पुस्तक त्या पहिल्या पायरीसाठी आहे. निबंध लिहावा कसा, टिपा द्याव्यात कशा, हे पुढच्या प्रकरणांत थोडक्यात येईल. प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे, की लष्करी इतिहासात विषय डोक्यात सुचत नाही, तो कागदात सापडतो. आपल्या हाताशी असलेला, आपल्याला वाचता येणारा कागद ज्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो, तोच आपला विषय.

पानिपताचंच घेऊ, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईवर मराठीत किती लिहिलं गेलं आहे याची कल्पना नवख्या विद्यार्थ्याला नसते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तो याच काळातल्या पत्रांचा, आणि त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत पराभवाची मीमांसा केली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. यदुनाथ सरकारांनी फारसी साधनं घेऊन मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासात हे प्रकरण मांडलं. काशिराजाची फारसी हकीकत, ‘भाऊसाहेबांची बखर’, नाना फडणिसांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेला मजकूर, यांवर पिढ्यानपिढ्या खल झाला आहे. होळकरांनी साथ सोडली का, बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर नेणं कितपत भोवलं, इब्राहिमखान गारद्याची पायदळी पद्धत आणि घोडदळाची जुनी पद्धत यांचा मेळ का बसला नाही, अशा प्रत्येक कारणावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. या वादात विद्यार्थ्याने उडी घेतली तर तो कोणाच्या तरी बाजूने बोलेल. नवं काही बोलणार नाही.

आता त्याच राजवाड्यांच्या पहिल्या खंडात सदाशिवरावभाऊंची गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रं वाचायला घ्या. मार्च १७६० मध्ये भाऊ दक्षिणेतून निघाले. फौज मोठी आणि पैसा थोडा. गोविंदपंत अंतर्वेदीत, म्हणजे गंगायमुनेच्या दुआबात मामलत सांभाळत होते. त्यांनी वसुलाची रक्कम पाठवावी, यमुना उतरण्यासाठी इटाव्याकडे नावा जमवून ठेवाव्यात, अवधचा नवाब शुजाउद्दौला अफगाण बादशहा अब्दालीला मिळू नये म्हणून हालचाल करावी, असे तगादे एकामागून एक जात राहिले. पावसाळा लागला, यमुना भरली. जुलैत शुजा अब्दालीला मिळाला. भाऊ दिल्लीकडे वळले आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांनी दिल्ली घेतली. ही हकीकत कोणत्याही पुस्तकात मिळते. पण एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांतली पत्रं तारीखवार लावून, प्रत्येकात काय मागितलं आहे ते एका तक्त्यात मांडलं, तर एक नेमका प्रश्न उभा राहतो: भाऊंच्या मागण्यांत नावांचा विषय कधी मागे पडतो आणि पैशाचा कधी पुढे येतो? मुक्काम बदलला की मागणी बदलते का? गोविंदपंतांची उत्तरं कुठे आणि किती छापली आहेत, हे शोधणं हाही याच निबंधाचा भाग. या प्रश्नासाठी मोडी यावी लागत नाही, कारण पत्रं देवनागरीत छापलेली आहेत. दिल्लीला जावं लागत नाही. आणि उत्तर काय येईल ते आधी माहीत नसतं. हे तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्या निबंधाचा निष्कर्ष पहिल्या दिवशीच ठाऊक असतो त्यासाठी दफ्तर उघडायची गरजच पडत नाही.

विद्यार्थी विचारतात, इतका लहान विषय घेतला तर मोठं काही सांगितल्यासारखं वाटेल का? वाटेल. फौजेच्या पोटापाण्याचा प्रश्न हा पानिपताच्या मुळाशीच आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर हाती लागलेला धान्यसाठा किती महत्त्वाचा होता, आणि डिसेंबरात गोविंदपंत मारले गेल्यावर छावणीची रसद कशी तुटत गेली, हे त्या तक्त्याकडे पाहत वाचलं की वेगळंच उलगडतं. मोठ्या गोष्टीकडे लहान दरवाज्याने जाता येतं; पत्रांचा तक्ता हा तसा दरवाजा आहे.

पुण्यात राहून मराठी लष्करी इतिहासावर लिहिणाऱ्याचं भाग्य असं की त्याला साधनांसाठी फार लांब जावं लागत नाही. कर्वेनगरातून डेक्कनमार्गे लकडी पूल ओलांडला की सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते १९१० साली स्थापन केलं. लॉ कॉलेज रस्त्यावर १९१७ पासून भांडारकर संस्था आहे. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजात पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ मध्ये आला. आणि स्टेशनच्या बाजूला पुणे पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दफ्तर. तिथल्या हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतून, निवडलेले कागद गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. हे खंड म्हणजे नवख्या माणसाची खरी सुरुवात आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून काढलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आणि गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्या त्यांच्या जोडीला ठेवाव्यात.

मात्र छापलेल्या खंडांबद्दल एक सावधगिरी हवी. खंड ही निवड आहे. संपादकांनी त्यांच्या काळातल्या प्रश्नांनुसार ती केली, आणि तो काळ राजकारणाच्या, मोहिमांच्या, मुत्सद्द्यांच्या इतिहासाचा होता. त्यामुळे मसलतींची पत्रं भरपूर छापली गेली. हिशेब, हजेऱ्या, जाबते मात्र मोठ्या प्रमाणात रुमालांतच राहिले. फौज पत्रांवर चालत नाही, हिशेबावर चालते. म्हणून जो विद्यार्थी मोडी शिकायला तयार आहे त्याच्यापुढे केवढं तरी रान मोकळं आहे. मोडी लिपी अवघड नाही, चिकाटी मागते. रोज थोडं वाचत गेलं तर काही महिन्यांत सरकारी वळणाचं मोडी लागायला लागतं. पण निबंध द्यायची मुदत तीन महिन्यांवर असताना मोडी शिकून रुमाल वाचण्याचा विषय घेऊ नये. तो पुढच्या वर्षासाठी ठेवावा आणि या वर्षी छापील साधनांवर भागवावं. यात कमीपणा काहीच नाही.

तारखांचं प्रकरणही आधी समजून घ्यावं लागतं. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, म्हणजे जून १७६० ते जून १७६१. हा सन मृगाला बदलतो. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली आणि उन्हाळ्यात परतलेली मोहीम एकाच शुहूर सनात बसते, आणि आपल्या इंग्रजी कॅलेंडरात मात्र तिचे दोन तुकडे पडतात. जंत्री जवळ असल्याशिवाय पत्रांचा क्रम लावायला बसू नये. क्रम चुकला की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते आणि सगळा निबंध उलटा लागतो.

हिशेबाच्या कागदांतून निघणाऱ्या विषयांबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण त्यांच्याकडे कोणी वळत नाही. सुरेंद्रनाथ सेनांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यानंतर स्ट्युअर्ट गॉर्डन, रँडॉल्फ कूपर यांच्यासारख्यांनी मोलाचं काम केलं. कूपरांनी १८०३ च्या युद्धाकडे पाहताना तोफा, पगार आणि कवायती फौजेतल्या युरोपीय अधिकाऱ्यांची निष्ठा यांकडे लक्ष वेधलं. तरी मराठीत या प्रश्नांची चर्चा अजून तोकडीच आहे. साधी गोष्ट पाहा. बारगीर सरकारी घोड्यावर बसतो. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो. त्याला मोहिमेआधी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळते. मग लढाईत शिलेदाराचा घोडा पडला तर नुकसान कोणाचं? सरकारातून भरपाई मिळे का, किती, आणि कोणाला मिळत नसे? हा प्रश्न वरवर कोरडा दिसतो. पण घोडा हीच ज्याची सगळी मिळकत आहे, तो माणूस शत्रूच्या तोफांसमोर घोडा घालताना काय विचार करत असेल, हे त्याच्या उत्तरातच दडलेलं आहे. मराठ्यांची फौज अमुक लढाईत पुढे का सरसावली नाही, यावर शौर्य आणि भ्याडपणाचे शब्द वापरण्याआधी रोजमुरा, म्हणजे पगार, किती महिने थकला होता ते पाहावं.

दुसरा विषय बालपरवेशीचा. लढाईत कामी आलेल्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांना सरकारातून जी नेमणूक मिळे तिला हे नाव आहे. अशा नोंदीत साधारण एवढंच असतं: कोण पडला, कुठल्या लढाईत, मागे कोण आहे आणि काय नेमून दिलं. पण अशा नोंदी दहा-वीस वर्षांच्या रोजनिश्यांतून वेचून एकत्र लावल्या तर कितीतरी प्रश्न विचारता येतात. मोठ्या सरदाराच्या आणि साध्या बारगिराच्या घरच्यांना वेगवेगळं वागवलं जात होतं का? नेमणूक मुलाच्या नावाने होई की बायकोच्या? मूल मोठं झाल्यावर त्याने फौजेत यावं अशी अपेक्षा होती का? पानिपतानंतर पार्वतीबाईंच्या दुःखाबद्दल आणि भाऊंच्या तोतयाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. त्याच दिवशी विधवा झालेल्या हजारो बायकांबद्दल फारसं नाही.

हा विषय मी मुद्दाम या वस्तीतल्या मुलींपुढे ठेवतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काम सुरू केलं आणि १९०० मध्ये ते हिंगण्याच्या माळावरल्या झोपडीत आणलं; आजचं कर्वेनगर त्या माळाभोवती वाढलं. महिला विद्यापीठाची सुरुवात १९१६ साली इथेच झाली, आणि शिक्षण मातृभाषेतून द्यायचं हा कर्व्यांचा आग्रह तेव्हापासूनचा. त्यांच्याच संस्थेची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आज कासार आंबोलीला भरते. विधवेच्या आयुष्याचा प्रश्न जिथे शंभर वर्षांपूर्वी एवढ्या गांभीर्याने हाती घेतला गेला, तिथल्या एखाद्या मुलीने अठराव्या शतकातल्या सैनिकांच्या विधवांवर मराठीत निबंध लिहावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. लष्करी इतिहास म्हणजे सेनापती आणि व्यूहरचना, ही समजूत मुलींना या विषयापासून लांब ठेवते. ती समजूत चुकीची आहे. फौजेबरोबर बाजार चालतो, कुटुंबं चालतात, दाणावैरण वाहणारे चालतात. त्यांचाही इतिहास लष्करीच.

आता आकड्यांविषयी एक इशारा देतो. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई घ्या. गणेशखिंडीचा परिसर पुण्याच्या कोणत्याही भागातून बसने गाठता येतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना ही लढाई जवळची वाटते. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांची मोठी फौज एका बाजूला आणि कर्नल बर यांच्या हाताखालचे सुमारे २,८०० लोक दुसऱ्या बाजूला. घोडदळाच्या हल्ल्यात मधली दलदलीची जमीन आडवी आली. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनची पुस्तकं त्यात गेली. इंग्रजांकडे मेलेले आणि जखमी मिळून ८६. मराठ्यांचे सुमारे ५००. हे आकडे सगळीकडे शेजारी शेजारी छापले जातात, आणि म्हणून ते सारख्याच वजनाचे वाटतात. पहिला आकडा इंग्रजांच्या स्वतःच्या यादीतून आला आहे. दुसराही इंग्रजांकडूनच आला आहे, पण तो समोरच्या फौजेबद्दलचा अंदाज आहे. ग्रँट डफ तेव्हा एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम करत होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या कित्येक पुस्तकांनी आकडे तिथूनच उचलले. तेव्हा ‘खडकीची लढाई’ हा विषय घेण्याऐवजी ‘खडकीच्या लढाईतले मराठ्यांकडचे आकडे कुठून आले’ हा घ्यावा. पुस्तकामागून पुस्तक मागे जात, कोणी कोणाचं उतरवलं हे शोधत, पहिल्या कागदापर्यंत पोचायचं. त्यासाठी लागणारी बहुतेक पुस्तकं छापील आहेत. आणि जमिनीवर चालून पाहायचंच असेल तर त्यालाही वाव आहे: दलदल नेमकी कुठे होती, आज तिथे काय आहे, जुन्या नकाशांत ती दाखवली आहे का?

१ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईवर लिहायचं म्हणून येणारे विद्यार्थी दरवर्षी असतात आणि त्यांच्या मनात हा विषय का आला आहे हे मी समजू शकतो. त्यांना माझं सांगणं एवढंच असतं, की इथे दोन स्वतंत्र विषय आहेत आणि दोन्ही तितकेच गंभीर आहेत. त्या दिवशी भीमेच्या काठी काय घडलं, हा एक. तिथे इंग्रजांनी उभारलेला स्तंभ, त्यावर कोरलेली पडलेल्या सैनिकांची नावं, त्यांतली महार सैनिकांची नावं, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेली भेट, यांतून ती जागा स्वाभिमानाचं ठिकाण कशी झाली, हा दुसरा. पहिल्यासाठी १८१८ चे कागद लागतात, दुसऱ्यासाठी विसाव्या शतकातली भाषणं, वृत्तपत्रं आणि आठवणी. एकाच निबंधात दोन्ही कोंबले की पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला जातो आणि वाद सुरू होतो. एक निवडा आणि त्याचेच कागद वाचा.

पहिलं महायुद्ध हा विषय अलीकडे खूप मागितला जातो. त्याचं पुण्याशी नातं खरोखर जवळचं आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूट-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली आणि त्यांतली असंख्य परत आली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांत पहिल्या महायुद्धाचं स्मारक आजही उभं आहे. पण ‘कूटच्या वेढ्यातील मराठा सैनिक’ हा विषय पुण्यात बसून लिहिण्यासारखा आहे का? पलटणींच्या युद्धरोजनिश्या मुख्यतः लंडन आणि दिल्लीच्या दफ्तरांत आहेत. सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतले निवडक डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये इंग्रजीत छापले, पण ते बहुतांश फ्रान्सच्या आघाडीचे आणि इंग्रजी अनुवादातले. म्हणून मी विद्यार्थ्यांना पुण्यातल्याच साधनाकडे वळवतो. १९१६ च्या पहिल्या सहामाहीत ‘केसरी’त आणि ‘ज्ञानप्रकाशा’त कूटची बातमी कशी आली? केव्हा आली, किती उशिरा आली, सैनिकांच्या गावांचा उल्लेख होता का, शरणागतीचं वृत्त कोणत्या शब्दांत दिलं? एवढे सहा महिने, दोन वृत्तपत्रं. नेटाने केलं तर एका सत्रात होण्यासारखं काम आहे आणि त्याचं उत्तर आजच्या वाचकाला खरोखर हवं आहे.

घरात पदक असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ट्रंकेतलं पदक बाहेर काढा, उजेडात धरा, कड हळूहळू फिरवत भिंगाने वाचा. घासून घासून ती अक्षरं पुसट झालेली असली तरी पलटणीचा आकडा बहुधा लागतो. तो आकडा लागला की माणूस कोणत्या आघाडीवर गेला असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि घरातल्या आठवणी त्या पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहता येतात. आजोबा ‘बसऱ्याला होते’ असं घरात सांगतात आणि पलटण मात्र दुसरीकडेच होती असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नये. विषय तिथूनच सुरू होतो. पुढच्या युद्धातल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांबद्दल, म्हणजे १९४४ मध्ये इटलीत पडलेले यशवंत घाडगे आणि १९४५ चे नामदेव जाधव यांच्याबद्दल आदराने लिहिलं जातं आणि जावंच. त्यांच्याच तुकडीतल्या, पदक न मिळालेल्या माणसांबद्दल लिहायला मात्र घरोघरच्या ट्रंका उघडाव्या लागतील.

परदेशी युद्धांवर लिहू इच्छिणाऱ्यांनाही हीच कसोटी लावावी. फिनलंडचं हिवाळी युद्ध पुष्कळ तरुणांना भुरळ घालतं आणि का घालू नये? ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजांनी हल्ला केला. जेमतेम सदतीस लाख लोकसंख्येचा हा देश मॅनरहाइमच्या नेतृत्वाखाली १०५ दिवस लढला. सुओमुसाल्मीच्या जंगलात बर्फावरून स्की घालून आलेल्या तुकड्यांनी रस्त्यात लांबलचक पसरलेल्या दोन सोव्हिएत डिव्हिजनांचे तुकडे पाडून त्यांचा धुव्वा उडवला. फिनलंडच्या राष्ट्रीय दफ्तराने आपल्या फौजेच्या युद्धरोजनिश्या संगणकावर खुल्या केल्या आहेत, आणि युद्धकाळातली सुमारे एक लाख साठ हजार छायाचित्रं २०१३ पासून कोणालाही पाहता येतात. कर्वेनगरातल्या खोलीत बसून ती पाहणं शक्य आहे. पण त्या रोजनिश्या फिनिश आणि स्वीडिशमध्ये आहेत. त्या भाषा न येणाऱ्याने सुओमुसाल्मीच्या डावपेचांवर लिहिलं तर तो इंग्रजी पुस्तकांचा सारांश करेल, म्हणजे पानिपताच्या कारणांचीच गत. मात्र १४ डिसेंबर १९३९ ला राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाची हकालपट्टी केली त्या वेळचे इंग्रजी-फ्रेंच कागद त्याला वाचता येतील. त्या हिवाळ्यात मराठी वृत्तपत्रांनी फिनलंडच्या लढ्याकडे कसं पाहिलं, हा प्रश्न तर फक्त इथलाच विद्यार्थी सोडवू शकतो. हेलसिंकीतल्या प्राध्यापकाला तो कितीही हुशार असला तरी जमणार नाही. दूरचा विषय हवा असेल तर तो आपल्या भाषेच्या काठाने घ्यावा. तिथे आपण कोणाच्याही मागे नसतो.

अगदी ताज्या विषयांचं काय? वारज्यापलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला १९४९ ची. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर मुलींना तिच्या प्रवेशपरीक्षेला बसता आलं, २०२२ मध्ये पहिल्या मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. यावर लिहायला अनेकींना आवडेल. लष्कराचे अंतर्गत कागद मिळणार नाहीत हे गृहीत धरून चालावं. न्यायालयातला मजकूर, संसदेतली प्रश्नोत्तरं, वृत्तपत्रं ही खुली साधनं आहेत. पाठ्यक्रमात किंवा प्रशिक्षणात काय बदललं यावर निष्कर्ष काढण्याइतकी ती पुरत नाहीत. युक्तिवाद कसे मांडले गेले आणि कसे बदलले यासाठी पुरतात. विषयाची हद्द साधनाच्या हद्दीवर आखावी.

शेवटी दिवे घाटाजवळच्या सोनोरीच्या किल्ल्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पेशव्यांचा तोफखाना ज्या पानसे घराण्याकडे होता त्यांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास तो बांधला. आपण त्याला मल्हारगड म्हणतो. रविवारी तिथे गर्दी असते, फोटो निघतात. पण तोफखान्याच्या सरदाराने नेमक्या त्याच वर्षांत पुण्याच्या इतक्या जवळ किल्ला का बांधला, आणि तोफा ओढायचे बैल, दारूगोळा, गोलंदाजांचे पगार यांची बेगमी कुठून व्हायची, याचं समाधानकारक उत्तर मला अजून एका ठिकाणी वाचायला मिळालेलं नाही. ज्याला घोड्यापेक्षा तोफेत रस आहे त्याने हे हाती घ्यावं. पेशवे दफ्तराच्या खंडांत पानशांचं नाव शोधण्यापासून सुरुवात करावी, रोजनिश्यांत तोफखान्याच्या नोंदी पाहाव्यात, आणि त्यानंतर किल्ल्यावर जावं.

पुढच्या प्रकरणांत मी काळानुसार साधनं सांगितली आहेत, ती कुठे पाहायला मिळतील तेही सांगितलं आहे, आणि प्रत्येक काळासाठी काही प्रश्न सुचवले आहेत. सुचवलेला प्रश्न जसाच्या तसा उचलला तरी माझी हरकत नाही. मात्र वर्गाला येताना वहीवर शीर्षक लिहून आणू नका. एक प्रश्न लिहून आणा, त्याखाली ज्या खंडात किंवा ज्या अंकात त्याचं उत्तर सापडेल असं वाटतं त्याचं नाव, आणि त्यातली निदान पाच पानं वाचून काढलेली टिपणं. तेवढ्यावर पुढचं बोलणं सुरू करू.